डीव्हीडी ड्राइव्ह बिघडला? आधी दोष कोणाचा ते ठरवा, मग खर्चाचं बघा

उलव्यात राहणाऱ्या बहुतेकांचं सामान गेल्या काही वर्षांत टेम्पोतून इथे आलेलं आहे. सिडकोने पनवेल तालुक्यात, खाडीच्या कडेला वसवलेल्या या नोडमध्ये खारकोपरपर्यंतची लोकल ११ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. मुंबईतल्या जुन्या घरांतून इकडे आलेल्या सामानात दोन वस्तू हमखास सापडतात: एक जुना डेस्कटॉप आणि सीड्यांचा एक जाडजूड अल्बम. त्यात लग्नाची व्हीसीडी असते, बारशाची डीव्हीडी असते, एमएस-सीआयटीच्या क्लासची सीडी असते, डीटीपीचं काम करणाऱ्यांकडे श्रीलिपीची असते. सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे दवाखान्यातून मिळालेली एमआरआयची किंवा सीटी स्कॅनची सीडी.

ही सीडी नेमकी घाईच्या वेळी लागते. डॉक्टर विचारतात, "दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन आहे का?" आपण घरी येऊन सीडी टाकतो आणि ड्राइव्ह नुसता घुरघुरतो. मग दुकानात दोनपैकी एक उत्तर मिळतं. "ड्राइव्ह गेलाय, नवीन टाका," किंवा "विंडोज फॉरमॅट मारायला लागेल." दोन्ही उत्तरं कधी कधी बरोबर असतात. पण तपासल्याशिवाय दिलेली असतील तर पहिल्याने पैसे जातात आणि दुसऱ्याने मशीनमधल्या फाइलीही जाऊ शकतात.

ड्राइव्ह चालत नाही या एका तक्रारीमागे चार वेगवेगळे आरोपी असू शकतात: चकती, ड्राइव्ह, केबल आणि विंडोज. यांतला एकेक बाजूला करत गेलं की दोष घरीच सापडतो. त्यासाठी लागतं एवढंच: एक स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक पेपर क्लिप, एक मऊ सुती कापड आणि थोडा धीर. क्रम मात्र पाळायचा. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, ज्याला स्क्रू उघडावे लागतात ते नंतर आणि ज्याला पाकीट उघडावं लागतं ते सगळ्यांत शेवटी.

एक खबरदारी आधीच सांगतो. बिघाड सीडी-डीव्हीडीच्या ड्राइव्हमध्ये आहे की हार्ड डिस्कमध्ये, याची खात्री करा. मशीन सुरूच होत नसेल, फाइल उघडताना सगळं गोठत असेल आणि आतून 'टक्-टक्' असा ठरावीक आवाज येत असेल, तर तो हार्ड डिस्कचा आजार आहे. अशा वेळी पुढचे कोणतेही प्रयोग न करता मशीन बंद करा. खराब होत चाललेली हार्ड डिस्क जितकी जास्त फिरेल, तितका त्यातला डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते.

पहिली चाचणी: चकती की ड्राइव्ह?

एका चकतीवरून ड्राइव्हला दोष देऊ नका. घरातल्या तीन वेगवेगळ्या चकत्या घ्या: दुकानातून विकत घेतलेली छापील गाण्यांची किंवा सिनेमाची सीडी, एक डीव्हीडी आणि घरी किंवा स्टुडिओत राइट केलेली एक चकती. तिन्ही एकामागून एक टाकून बघा.

तिन्ही चालल्या नाहीत, तर दोष ड्राइव्हचा, केबलचा किंवा विंडोजचा. एकच चालली नाही, पण त्याच प्रकारची दुसरी चालली, तर दोष त्या चकतीचा. सीड्या चालतात आणि एकही डीव्हीडी चालत नाही (किंवा उलट), तर दोष जवळजवळ नक्की ड्राइव्हचा आहे. कारण सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. एकाच ड्राइव्हमध्ये हे दोन वेगळे लेझर असतात. त्यांतला एक थकला की अर्ध्या चकत्या चालतात आणि अर्ध्या अडतात. अशा वेळी विंडोज फॉरमॅट करून काही होणार नाही.

छापील चकत्या चालतात, पण राइट केलेल्या चालत नाहीत, असंही होतं. छापील चकतीवर खड्डे कायमचे उठवलेले असतात. राइट केलेल्या चकतीवर रंगाच्या थरात खुणा भाजलेल्या असतात, त्या मुळातच फिकट असतात आणि ऊन-उष्णतेने आणखी फिकट होतात. म्हातारा होत चाललेला ड्राइव्ह आधी अशाच चकत्यांवर अडखळतो. शेजाऱ्यांच्या मशीनवर तीच चकती चालली, तर तुमच्या ड्राइव्हची लेन्स मळलेली किंवा लेझर कमजोर झालेला आहे असं समजा.

चकती तपासताना

चकतीची चकाकती बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. बोटांचे ठसे, धूळ, पांढुरके डाग लगेच दिसतात. आता तीच चकती दिव्याच्या समोर, आरपार बघता येईल अशी धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथला चकाकणारा थरच उडालेला आहे. तिथला डेटा कोणत्याही ड्राइव्हला वाचता येणार नाही.

ओरखड्यांचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. सीडीमध्ये डेटाचा थर चकाकत्या बाजूला नसून छापलेल्या बाजूच्या लगेच खाली असतो. त्यामुळे वरच्या, नाव लिहिलेल्या बाजूवर गेलेला ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन तबकड्यांच्या मध्ये थर असतो, म्हणून ती या बाबतीत थोडी सुरक्षित. चकतीवरची माहिती आतून बाहेरच्या दिशेला, गोल गोल जाणाऱ्या एका लांबलचक रेघेत लिहिलेली असते. मधून कडेकडे गेलेला सरळ ओरखडा या रेघेला आडवा जातो आणि प्रत्येक फेऱ्यात थोडासाच भाग खराब करतो. गोलाकार ओरखडा मात्र त्या रेघेच्या सोबत चालतो आणि सलग भाग खाऊन टाकतो.

थोडासा भाग गेला तरी सीडी चालते, कारण तिच्यावर दुरुस्तीची जादा माहिती आधीच पेरलेली असते. किराणा दुकानातल्या क्यूआर कोडचा कोपरा फाटला तरी पैसे जातात, त्यामागेही रीड-सॉलोमन नावाचं तेच गणित आहे. सीडीच्या रेघेत सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतची सलग खराबी या गणिताने भरून काढता येते. त्याहून मोठी असेल तर ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो, वेग कमी-जास्त होत राहतो आणि शेवटी 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा निरोप येतो. हा निरोप आला, तर संशय आधी चकतीवर घ्या.

चकती पुसायची तर मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर कापडात अडकलेला एखादा कण गोलाकार ओरखडा काढेल. धुळीने माखली असेल तर आधी नळाखाली धरा, बोटाने भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हलकेच फिरवा, पुन्हा धुवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय ड्राइव्हमध्ये टाकू नका. टूथपेस्ट घासण्याचा उपाय सगळ्यांनी ऐकलेला असतो. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, म्हणून वरवरचा ओरखडा कधी कधी गुळगुळीत होतो हे खरं आहे. पण त्यातच नवे ओरखडेही उठतात. एमआरआयच्या किंवा लग्नाच्या एकुलत्या एका चकतीवर हा प्रयोग करू नका.

उलव्यासारख्या ठिकाणी चकत्या खराब होण्याचं आणखी एक कारण म्हणजे हवा. एका बाजूला खाडी, त्यात चार महिने रायगडचा पाऊस. कपाटातल्या सीड्यांवर बुरशी धरते. २००१ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या दमट हवेतल्या एका सीडीवर बुरशीने चक्क चकाकणारा थर पोखरल्याचं नोंदवलं होतं. आपल्याकडे बहुधा इतकं होत नाही. बुरशी वरवर असते आणि धुऊन जाते. पण ती तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर लेन्सवर उडते, एवढं लक्षात ठेवा.

ट्रेच बाहेर येत नाही

आधी बघा, मशीन सुरू करताना ड्राइव्हच्या तोंडावरचा छोटा दिवा लुकलुकतो का. दिवा लागत नाही आणि बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर ड्राइव्हला वीजच पोचत नाही. हा केबलचा प्रश्न, तो पुढे बघू.

दिवा लागतो पण ट्रे येत नाही, तर मशीन रीस्टार्ट करा आणि विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचं नाव पडद्यावर असतानाच बटण दाबा. आता ट्रे आला, तर विंडोजमधल्या एखाद्या प्रोग्रॅमने तो अडवून ठेवला होता. सीडी राइट करणारे प्रोग्रॅम असं करतात.

तरीही आला नाही, तर पेपर क्लिप घ्या. मशीन बंद करून प्लग काढा. ड्राइव्हच्या तोंडावर, बटणाच्या जवळपास, एक बारीक भोक असतं. क्लिप सरळ करून ती भोकात आडवी, अगदी सरळ घाला. टाचणी नको, ती आखूड पडते आणि आत निसटते. काही सेंटिमीटर आत गेल्यावर क्लिपला काहीतरी अडतं. तिथे हलका, ठाम दाब द्या. ट्रे बोटभर पुढे सरकतो. उरलेला हाताने सावकाश ओढा. क्लिप अडत नसेल तर ती वाकडी गेली आहे, जोर लावू नका, बाहेर काढून पुन्हा घाला.

क्लिपने ट्रे येतो पण बटणाने येत नाही, मोटरचा 'घुर्र' आवाज मात्र होतो. याचा अर्थ बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे ओढणारा हा पट्टा बांगडीसारखा गोल असतो. वर्षानुवर्षं उकाड्यात पडून तो ताणला जातो आणि गुळगुळीत होऊन घसरतो. हाताने काम चालवायची तयारी असेल, तर असा ड्राइव्ह क्लिपच्या भरवशावर सगळ्या सीड्या कॉपी होईपर्यंत खुशाल वापरता येतो.

विंडोजला ड्राइव्हच दिसत नाही

'धिस पीसी' उघडलं आणि डीव्हीडी ड्राइव्हचं चिन्हच नाही, अशा वेळी आधी एक प्रश्न सोडवायचा: ड्राइव्ह मशीनला दिसत नाही, की फक्त विंडोजला?

मशीन सुरू होतानाच डिलीट किंवा एफ-२ हे बटण दाबत राहा. बायोसचा पडदा उघडतो. त्यात जोडलेल्या ड्राइव्हची यादी असते. तिथे डीव्हीडी ड्राइव्हचं नाव दिसलं, तर ड्राइव्ह आणि केबल ठीक आहेत, घोळ विंडोजचा आहे. तिथेही नाव नसेल, तर विंडोजला हात लावायची गरज नाही, सीपीयूचा डबा उघडायचा आहे. कारागीर फॉरमॅट मारायला निघाला असेल, तर त्याला आधी ही यादी उघडून दाखवायला सांगा.

*डबा उघडायचा असेल तर.* प्लग काढा. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डब्याच्या रंग नसलेल्या धातूला एकदा हात लावा. मग बाजूचे स्क्रू काढून झाकण सरकवा. ड्राइव्हच्या मागे दोन जोड असतात. एक अरुंद, डेटाच्या साटा केबलचा. दुसरा रुंद, विजेचा. दोन्ही काढून पुन्हा नीट, शेवटपर्यंत बसवा. घर बदलताना टेम्पोत खाल्लेल्या धक्क्यांनी हे जोड निम्मे निघालेले असतात, बाहेरून बघताना मात्र बसल्यासारखे वाटतात. खारट दमट हवेने संपर्काच्या पट्ट्यांवर पातळ थरही धरतो. दोन-तीनदा काढ-घाल केल्याने तो खरवडला जातो. उलव्यात नव्याने राहायला आलेल्यांचे कितीतरी मेलेले ड्राइव्ह एवढ्यानेच उठून बसतील.

तरी फरक पडला नाही, तर डेटाची केबल बदलून बघा आणि मदरबोर्डवरच्या दुसऱ्या जोडात लावा. साटा केबल शंभर-सव्वाशे रुपयांत मिळते, तेवढा खर्च चाचणी म्हणूनही परवडतो. विजेसाठी जुन्या चार पिनांच्या जोडातून साटा जोड काढणारा कन्व्हर्टर लावलेला असेल आणि तो काळवंडलेला किंवा वितळल्यासारखा दिसत असेल, तर तो लगेच काढून टाका. स्वस्तातले कन्व्हर्टर आतून शॉर्ट होतात. मशीन फारच जुनं असेल तर साटाऐवजी रुंद, पट्टीसारखी केबल दिसेल. तिला आयडीई म्हणतात. तिचा ड्राइव्ह नवा मिळणं अवघड आहे, त्यामुळे अशा मशीनला बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्हच सोयीचा.

*घोळ विंडोजचा असेल तर.* स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. तिथल्या डीव्हीडी ड्राइव्हवर पिवळी खूण असेल, तर त्यावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा आणि मशीन रीस्टार्ट करा. घाबरू नका, ड्राइव्ह कायमचा निघून जात नाही. विंडोज परत सुरू होताना तो नव्याने ओळखून बसवते. एवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं.

ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमध्ये ठीक दिसतो, पण 'धिस पीसी'मध्ये नाही, तर 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्याला एखादं मोकळं अक्षर द्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये १९ किंवा ३९ क्रमांकाची चूक दिसत असेल, तर बहुधा पूर्वी काढून टाकलेल्या एखाद्या राइटिंग प्रोग्रॅमचे अवशेष रजिस्ट्रीत राहिलेले असतात. 'अप्पर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या त्यांच्या दोन नोंदी डीव्हीडी ड्राइव्हच्या कप्प्यातून काढल्या की ड्राइव्ह परत येतो. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवायची आणि सवय नसेल तर हे काम जाणत्याकडूनच करून घ्यायचं. पण काम एवढंच आहे, हे तुम्हाला माहीत असलं की कोणी सहज फॉरमॅट सुचवू शकत नाही.

दिसतो, पण वाचत नाही

आता कान लावायचा. चकती टाकल्यावर ट्रे आत जातो, मग चकती फिरायला लागते आणि त्याच सुमारास लेन्स वर-खाली होऊन नेम धरते. चकती फिरल्याचा आवाज आलाच नाही, तर मोटर गेली असेल किंवा लेन्सला चकती दिसतच नसेल. फिरते, थांबते, परत फिरते आणि शेवटी 'चकती टाका' असा निरोप येतो, तर लेन्स मळल्याची शक्यता जास्त.

उलव्यात लेन्स मळायला वेळ लागत नाही. नवी मुंबई विमानतळासाठी इथली उलवे टेकडी फोडून सपाट केली, त्या कामाची धूळ परिसराने वर्षानुवर्षं खाल्ली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, तरी इमारतींची कामं आणि बंदराकडे जाणारे ट्रेलर आहेतच. सीपीयूचा पंखा ही धूळ आत ओढतो आणि ड्राइव्हच्या फटीतून ती लेन्सवर बसते.

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे बारीक ब्रश बसवलेली लेन्स क्लीनर सीडी. ती कोरडी धूळ झाडते, पण चिकटलेला थर काढू शकत नाही. त्यासाठी ड्राइव्ह डब्यातून काढून उघडावा लागतो. मशीनचा प्लग काढलेला असताना ड्राइव्हच्या खालचे चार स्क्रू काढले की झाकण निघतं. आत सरकत्या पट्टीवर मसुराच्या दाण्याएवढी निळसर काचेसारखी लेन्स दिसेल. ती अगदी बारीक तारांवर टांगलेली असते, म्हणून दाबायची नाही. आधी कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर दोन-तीनदा मारा. मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन लेन्सला फक्त स्पर्श करत फिरवा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे 'आयपीए' नावाने मिळतं. पाणी, अत्तर, सॅनिटायझर यांतलं काही वापरू नका, त्यांचे डाग राहतात. आणि झाकण उघडं असताना ड्राइव्हला वीज देऊन आत डोकावू नका. बंद ड्राइव्हमधला लेझर निरुपद्रवी असतो, उघड्याचा नसतो.

काही वेळा लेन्स स्वच्छ असते, पण तिच्यावर बाष्प धरलेलं असतं. रात्रभर एसीत गार पडलेल्या खोलीची खिडकी सकाळी उघडली की बाहेरची दमट हवा थंड लेन्सवर धुकं धरते. अशा वेळी मशीन तासभर नुसतं सुरू ठेवा आणि मग चकती टाका.

चकती टाकल्यावर ड्राइव्ह थरथरत असेल, तर तिच्यावर कागदी लेबल चिकटवलेलं आहे का ते बघा. सीडी ५२ पट वेगाने वाचताना मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते. एका बाजूला जड झालेली चकती त्या वेगात डगमगते. मधल्या भोकाजवळ तडा गेलेली चकती तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, ती आत फुटू शकते.

वाचतो, पण चालत नाही

डीव्हीडी टाकली, फाइली दिसतात, पण सिनेमा लागत नाही. हा बिघाडच नाही. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी सिनेमा चालवण्याची सोय मूळ विंडोजमधून काढून टाकली. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकला की काम भागतं. परदेशातून आणलेली डीव्हीडी असेल तर प्रदेशाचा क्रमांक आड येतो. भारत पाचव्या प्रदेशात मोडतो. ड्राइव्हचा क्रमांक फक्त पाच वेळा बदलता येतो आणि मग शेवटचाच कायम राहतो, म्हणून गंमत म्हणून बदलू नका.

लग्नाची व्हीसीडी असेल, तर तिच्यात 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर उघडा. त्यातल्या 'डॅट' फाइली म्हणजेच तुमचं लग्न. त्या व्हीएलसीत चालतात. व्हीसीडीत व्हिडिओच्या भागाला दुरुस्तीची जादा माहिती कमी ठेवलेली असते, म्हणून नुसती कॉपी करताना ती मध्येच अडते. अशा वेळी व्हीएलसीमधूनच ती संगणकावर साठवून बघा. थोडं चित्र तुटेल, पण बाकीचं हाती लागेल.

एमआरआयच्या सीडीत फोटो साध्या रूपात नसतात, डायकॉम नावाच्या प्रकारात असतात. सोबत दिलेला प्रोग्रॅम जुना असेल तर नव्या विंडोजवर तो उघडत नाही आणि आपण ड्राइव्हला दोष देतो. मायक्रोडायकॉम किंवा वीसिस यांसारखा मोफत प्रोग्रॅम टाकून त्यात सीडीचा पूर्ण फोल्डर उघडा. डॉक्टरांना पाठवताना मोबाइलने पडद्याचा फोटो काढून पाठवू नका. पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर द्या, म्हणजे त्यांना सगळे काप नीट बघता येतील.

छोट्या आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा हॅंडीकॅम पूर्वी काही घरांत होता. ती चकती संगणकात रिकामी दिसत असेल, तर ती 'फायनलाइझ' केलेली नसावी. कॅमेरा अजून चालू असेल तर त्यातच घालून फायनलाइझ करा. चकती थेट फटीतून आत ओढणारा ड्राइव्ह असेल, तर ही छोटी चकती त्यात कधीच घालू नका, ती आत अडकते.

लॅपटॉप आणि बाहेरचा ड्राइव्ह

लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेवरच उघडी असते, त्यामुळे डबा न उघडता पुसता येते. पण चकती बसवताना मधल्या गोलावर दोन बोटांनी दाबून 'टक' असा आवाज येईपर्यंत बसवायची आणि तेव्हा ट्रेला खालून हात द्यायचा. अर्धवट बसलेली चकती खरवडत फिरते.

यूएसबीने बाहेरून लावायचा ड्राइव्ह मध्येच बंद पडत असेल, तर त्याला वीज कमी पडते आहे. डेस्कटॉपला तो पुढच्या जोडात किंवा हबमध्ये न लावता थेट मागच्या जोडात लावा. त्याच्या केबलला दोन यूएसबी टोकं असतील, तर दोन्ही लावा. दुसरं टोक शोभेसाठी नसतं.

दुरुस्ती की नवा?

हे सगळं करूनही ड्राइव्ह वाचत नसेल, तर तो गेला असं समजा. लेझर बदलण्याच्या भानगडीत पडू नका. नवा अंतर्गत ड्राइव्ह हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो, यूएसबीचा त्याहून थोडा महाग. दुरुस्तीची मजुरी तेवढ्याच घरात जाते आणि भरवसा नसतो. आताचे बरेच नवे डबे ड्राइव्हच्या जागेशिवायच येतात, म्हणून यूएसबीचा ड्राइव्ह घेणं जास्त शहाणपणाचं. तो लॅपटॉपलाही लागतो आणि सोसायटीत चार घरांना फिरूनही वापरता येतो. वाशी किंवा पनवेलच्या दुकानात नाही मिळाला, तर मुंबईत ग्रॅंट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच. जुना ड्राइव्ह घेत असाल, तर दुकानात उभं राहून तीन प्रकारच्या चकत्या चालवून बघा आणि एक राइटही करून घ्या.

मशीन कारागिराकडे देण्याआधी ट्रेमधली चकती काढून घ्या. फॉरमॅटचा विषय निघाला, तर बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतो का, आधी तो डिव्हाइस मॅनेजरमधून काढून परत बसवून बघितला का, एवढं विचारा. जुना ड्राइव्ह भंगारात टाकू नका. २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवा.

चालू झाला की पहिलं काम

ड्राइव्ह सुरू झाला की लगेच त्याच दिवशी चकत्या कॉपी करायला घ्या. जुना ड्राइव्ह आणि जुन्या चकत्या, दोघांचेही दिवस भरत आलेले आहेत. नव्या चकत्यांचा बाजारही आटतो आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन थांबवलं.

कॉपीचा क्रम असा ठेवा: आधी दवाखान्याच्या सीड्या, मग लग्न-बारशासारखे पुन्हा न होणारे प्रसंग, मग कागदपत्रं आणि शेवटी गाणी-सिनेमे, कारण ते दुसरीकडेही मिळतात. ठीक दिसणाऱ्या चकत्या आधी, अडणाऱ्या नंतर. अडणारी चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगात पुन्हा टाकून बघा. एकाला न वाचता आलेला भाग दुसरा वाचतो, असं बऱ्याचदा घडतं. एका सीडीत ७०० एमबी आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे पन्नास डीव्हीडींचा अख्खा अल्बम २५६ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर बसतो. पण तेवढ्यावर थांबू नका. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी गावच्या घरी किंवा क्लाउडवर ठेवा. प्रत्येक फोल्डरला वर्ष आणि प्रसंग असं नाव द्या, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टरांनी जुना स्कॅन मागितला की तो फोनवरून पाठवता येईल.